गोणीतलं साखळीला दिसत नाही

टोकनायझेशनची, म्हणजे वस्तूवरचा हक्क ब्लॉकचेन या सामाईक डिजिटल खातेवहीतल्या नोंदीत (टोकनमध्ये) मांडण्याची, भलामण करणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. ‘आता कुठलीही वस्तू ब्लॉकचेनवर आणता येते.’ घर, सोनं, चित्र, जंगल, गाण्याची रॉयल्टी, कारखान्यातलं यंत्र, सगळं. माझा आक्षेप या वाक्यातल्या क्रियापदाला आहे. आणणं म्हणजे एका जागची वस्तू दुसऱ्या जागी नेणं. घर ‘ब्लॉकचेनवर आणलं’ म्हणतात तेव्हा घर तसूभरही हललेलं नसतं. गळकं छप्पर तिथेच असतं, भाडेकरू तिथेच असतो, सामाईक भिंतीवरून शेजाऱ्याशी चाललेली कुरबुरही तिथेच असते. आलेली असते ती घराबद्दलची एक नोंद. आणि कोणाचं काय हे लिहून ठेवण्यात नवलाई ती कसली? मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवरचं सगळ्यात जुनं लिखाण बव्हंशी हिशेबाचंच आहे. कविता नंतर आली.

हा शब्दांचा कीस वाटेल. पण या एका क्रियापदामुळे किती पैसा कुठे गेला हे पाहिलं की कीस काढणं परवडतं असं वाटू लागतं.

ब्लॉकचेनने एक प्रश्न खरोखर सोडवला, हे आधी मान्य केलं पाहिजे. २००८च्या ऑक्टोबरअखेर सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचं एक टिपण प्रसिद्ध झालं. डिजिटल वस्तूची नक्कल फुकटात होते; मग एकच नाणं दोघांना देण्यापासून माणसाला रोखायचं कसं, आणि तेही मध्ये बँक न ठेवता? उत्तर असं होतं की खातेवही एकच, पण तिची प्रत सगळ्यांकडे, आणि तिला नवं पान जोडायचं तर गणिती मेहनतीचा भरपूर खर्च करावा लागेल. जानेवारी २००९मध्ये ती वही बिटकॉइन या नावाने सुरू झाली आणि अजून चालू आहे. यातलं मर्म मात्र बरेचदा निसटतं. बिटकॉइन हे कशाचंही चिन्ह नाही. त्या नोंदीपाठी कुठल्या तिजोरीत काहीही ठेवलेलं नाही. नोंद हीच वस्तू. म्हणून तर वही म्हणेल ते अंतिम, कारण पडताळून पाहायला वहीबाहेर काही शिल्लकच नाही. (त्या वस्तूला किंमत किती असावी, हा वेगळा तंटा. त्यात मी आज पडत नाही.)

२०१५च्या जुलैत इथेरियम ही अशीच दुसरी वही सुरू झाली आणि तिच्यात स्वतःचं टोकन काढणं कोणालाही सोपं झालं. त्याचे साचे ठरले. एकसारख्या टोकनांसाठी ईआरसी-२०, प्रत्येक टोकन वेगळं हवं असेल तर ईआरसी-७२१. साचा वापरून टोकन काढायला जाणत्या प्रोग्रामरला एक दुपार पुरते. गफलत झाली ती इथे. जी नोंद स्वतःच वस्तू आहे, तिने कमावलेली पत बाहेरच्या वस्तूबद्दलच्या नोंदीला उसनी मिळाली. ‘ही नोंद कोणी बदलू शकत नाही’ हे खरंच आहे. ‘ही नोंद खरी आहे’ हे निराळं विधान आहे. पक्क्या शाईने लिहिलेलं खोटं पुसता येत नाही, एवढंच.

अशा वेगळेपण असलेल्या टोकनला एनएफटी म्हणतात. एका एनएफटीची नोंद मी एकदा स्वतः साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, उघडून वाचली. त्याला काही खास लागत नाही. ब्लॉक एक्स्प्लोरर म्हणतात त्या संकेतस्थळांवर टोकनचं काँट्रॅक्ट, म्हणजे त्याचा कोड, उघडायचं, वाचण्याच्या पानावर जायचं आणि टोकनचा क्रमांक टाकायचा. मालक कोण, असं विचारलं. शून्य आणि एक्सने सुरू होणारी बेचाळीस अक्षरं आली. ठीक. चित्र कुठे, असं विचारलं. एक वेबपत्ता आला. त्या पत्त्यावर मजकुराची छोटीशी फाइल होती. तीत नाव, दोन ओळींचं वर्णन आणि चित्रासाठी आणखी एक वेबपत्ता. तो उघडला, तर पान सापडत नाही असा निरोप. डोमेनचे पैसे भरायचं कोणीतरी सोडून दिलं असावं. मालकी मात्र शाबूत होती, जगभरच्या हजारो संगणकांवर, एकाही अक्षराचा फरक न पडता. कशाची मालकी, एवढंच सांगता येत नव्हतं.

चित्रं साखळीत ठेवत नाहीत कारण तिथली जागा फार महाग. मग बाहेर ठेवतात. काही जण आयपीएफएस ही फाइल साठवायची पद्धत वापरतात, जिथे फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच ठरतो, त्यामुळे चित्र गुपचूप बदलता येत नाही. पण ती फाइल कुणाच्या तरी मशीनवर जिवंत ठेवावी लागतेच. मोजके कलाकार अख्खं चित्र साखळीतच लिहितात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. ते वहीतच जन्मणाऱ्या आणि वहीतच राहणाऱ्या वस्तू करतात.

सिग्नल या मेसेजिंग अॅपचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी याची एक झकास गंमत केली होती आणि जानेवारी २०२२मध्ये ती लिहूनही काढली. त्यांनी असं एनएफटी बनवलं की ते कुठून पाहिलं जातंय त्यावरून चित्र बदलायचं. एका बाजारात एक, दुसऱ्या बाजारात दुसरं, आणि विकत घेऊन स्वतःच्या वॉलेटमध्ये (टोकनं ठेवायच्या अॅपमध्ये) उघडलं की विष्ठेची भलीमोठी इमोजी. थोड्या दिवसांनी ओपनसी या बाजाराने ते काढून टाकलं. त्यासरशी ते त्यांच्या वॉलेटमधूनही नाहीसं झालं, कारण वॉलेटदेखील ‘या माणसाकडे काय काय आहे’ हे त्याच कंपनीच्या सर्व्हरला विचारत होतं. साखळीवर नोंद होतीच की. पण साखळी बघतो कोण? नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो चलनांचं एक्स्चेंज बुडालं तेव्हा तिथे विकलेल्या अनेक एनएफटींच्या चित्रांच्या जागी दिवाळखोरीच्या कामकाजाची माहिती देणारं पान उघडू लागलं. टोकन विकेंद्रित, चित्र एका बुडालेल्या कंपनीच्या सर्व्हरवर.

आपण नक्की काय घेतलं, याचाच पत्ता नसणं हाही एक प्रकार. नोव्हेंबर २०२१मध्ये टोकनधारकांच्या एका गटाने, कधीच न बनलेल्या एका सिनेमाचं चित्रकथन असलेलं दुर्मीळ बाड ख्रिस्तीजच्या लिलावात तब्बल २६.६ लाख युरोंना घेतलं आणि मग त्यावर अॅनिमेशन मालिका काढण्याचे बेत जाहीर केले. पुस्तकाची प्रत घेतली म्हणजे कॉपीराइट मिळत नाही, हे त्यांना जगाने हसत हसत समजावलं. यात ब्लॉकचेनचा दोष नाही असं कोणी म्हणेल. थेट नाहीच. पण ‘मालकी’ या शब्दात किती वेगवेगळे हक्क एकत्र बांधलेले असतात याचं भान त्या तंत्राभोवतीच्या बोलण्यात इतकं पातळ झालं होतं, की एवढे सगळे लोक एकाच खड्ड्यात पडले.

हे झालं निदान पडद्यावरच्या वस्तूंचं. जिला वजन आहे अशा वस्तूपाशी आलं की अडचण आणखी जुनी निघते.

मार्च २०२३. लंडन मेटल एक्स्चेंज, म्हणजे १८७७पासून चालत आलेला धातूंचा जागतिक बाजार. तिथे निकेलचा व्यवहार वॉरंटवर होतो. अमुक गोदामातला अमुक लॉट तुमचा, असं सांगणारा तो दस्त. ही वॉरंटं संगणकाच्या यंत्रणेतच फिरतात, त्यांची नोंद चोख असते, एक वॉरंट दोघांना विकलं जात नाही. थोडक्यात, ब्लॉकचेन जे जे देऊ करतं ते इथे त्याच्याविना होतंच. रॉटरडॅमच्या गोदामातल्या काही गोण्या तपासल्या, तर आत दगड. ५४ टन, नऊ वॉरंटं, आणि एक्स्चेंजला ती रद्द करावी लागली. खातेवहीत कुठेही खाडाखोड नव्हती. हीच नोंद उद्या दहा हजार संगणकांवर ठेवली असती, तर दहा हजार ठिकाणी दगडांना निकेल म्हटलं गेलं असतं.

याच्या साठ वर्षं आधीचा किस्सा अधिक रंगतदार आहे. १९६३मध्ये न्यूजर्सीतल्या बेयोन इथे टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याच्या टाक्यांत सोयाबीनचं तेल साठवलेलं होतं, निदान पावत्या तसं म्हणत होत्या. गोदामाच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या उपकंपनीने दिलेल्या, म्हणजे शंकेला जागाच नाही. त्या तारण ठेवून बँका कर्ज देत होत्या. टाक्यांत बहुतेक समुद्राचं पाणी होतं आणि वर तेलाचा थर. तपासनीस मापाची काठी खाली सोडायचा, ती तेलाने माखून वर यायची. बिंग फुटलं तेव्हा नुकसान पंधरा कोटी डॉलरच्या पुढे गेलेलं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे उलटी लागू पडते. पोहऱ्यात अगदी काठोकाठ होतं. आडातच नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं. सेन्सर लावू, सील लावू, क्यूआर कोड लावू, उपग्रहावरून पाहू. लावा की. पण सेन्सर बसवतो कोण, त्याची तार कोण जोडतो, गोणी शिवताना तिथे कोण उभं असतं? या क्षेत्रातले लोक बाहेरच्या जगाची माहिती साखळीला पुरवणाऱ्याला ओरॅकल म्हणतात, म्हणजे भविष्य सांगणारी देववाणी. नाव मोठं मासलेवाईक आहे. सगळी यंत्रणा ‘कोणावरही विश्वास ठेवावा लागणार नाही’ म्हणून उभारायची आणि दाराशी आल्यावर देववाणीवर विश्वास ठेवायचा. सोन्याची टोकनं आज चालतात ती तिजोरीचा चालक, हिशेबतपासनीस आणि नियामक या तिघांवर लोकांचा भरवसा असतो म्हणून. त्यात वाईट काही नाही. फक्त मग भरवसा हटवल्याचं श्रेय घेऊ नये.

आता घराकडे येतो, कारण तिथे ही कल्पना सगळ्यात लोभस दिसते आणि तिथेच सगळ्यात जास्त उघडी पडते.

योजना अशी असते. एक घर घ्यायचं, त्याचे काही हजार टोकन करायचे, प्रत्येकी ५० डॉलरच्या आसपास विकायचे, भाडं आलं की वाटून थेट वॉलेटमध्ये. ज्याला आयुष्यात घर घेता येणार नाही त्यालाही घराचा तुकडा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण तुम्हाला मिळतो तो घराचा तुकडा नसतो. कायदा टोकनला घरमालक मानत नाही, म्हणून त्या घरासाठी एक छोटी कंपनी काढावी लागते. घर कंपनीच्या नावावर, आणि टोकन म्हणजे कंपनीतला हिस्सा. हे शेअरच झाले. शेअर कागदावर असोत, डीमॅट खात्यात असोत की साखळीवर, घराला त्याने काही फरक पडत नाही.

घराला फरक कशाने पडतो? घर ही वस्तू मुळात कामांची यादी आहे. पाइप फुटतो, तो रात्री फुटतो. बॉयलर बंद पडतो. भाडेकरू तीन महिने भाडं देत नाही, आणि त्यात कधी त्याचा दोष असतो, कधी नसतो. विम्याचा हप्ता, पालिकेचा कर, जिन्याचा मोडलेला कठडा. चांगला घरमालक म्हणजे ज्याचा फोन लागतो तो. हजार टोकनधारकांपैकी फोन कोणाचा लावायचा? ते सगळे वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना अनोळखी, आणि प्रत्येकाचा हिस्सा इतका बारीक की छपरासाठी भांडणं त्यातल्या एकालाही परवडत नाही. मालकीचे तुकडे करता येतात, जबाबदारीचे केले की ती विरघळून जाते. जुलै २०२५मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने घरांची टोकनं विकणाऱ्या एका कंपनीवर, तिच्या संस्थापकांवर आणि तिच्याशी संबंधित कितीतरी छोट्या कंपन्यांवर दावा लावला. ४००हून अधिक मालमत्ता, नियमभंगाच्या नोंदींचा ढीग, देखभालीची हेळसांड, असे शहराचे आरोप. दाव्याचा निकाल काय लागेल ते न्यायालय पाहील. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. शहराने साखळीला नोटीस धाडली नाही. जिचा नोंदणीकृत पत्ता आहे ती कंपनी आणि ज्यांना समन्स बजावता येतं ती माणसं शोधली. टोकनच्या मागे शेवटी ज्याचं दार ठोठावता येतं असा कोणीतरी असावाच लागतो.

आणि समजा उद्या कायदा बदलला, टोकन म्हणजेच घर असं संसदेने म्हटलं. मग? मग मला अधिक काळजी वाटते.

मालमत्तेचा कायदा म्हणजे बऱ्याच अंशी दुरुस्तीचा कायदा असतो. माणसं मरतात आणि वारस उभे राहतात. लग्नं मोडतात. म्हाताऱ्या माणसाला फसवून सही घेतली जाते. अज्ञान मुलाच्या नावावरची मालमत्ता पालक परस्पर विकतो. बँक बोजा चढवते आणि उतरवायला विसरते. दर वेळी न्यायालय किंवा निबंधक म्हणतो, वहीत लिहिलंय ते चूक, खरा मालक हा. आता साखळीवर टोकन अ-च्या वॉलेटमध्ये आहे आणि न्यायालयाने घर ब-चं ठरवलं. अ त्या वॉलेटची गुप्त डिजिटल किल्ली देत नाही, किंवा किल्ली हरवली म्हणतो, किंवा तो मेला आणि सोबत किल्लीही गेली. इथे दोनच वाटा उरतात. टोकन काढणाऱ्या संस्थेला जुनं टोकन रद्द करून नवं काढायची मुभा असेल, तर खरी वही त्या संस्थेच्या टेबलावर आहे आणि साखळी ही तिची महागडी प्रत आहे. मुभा नसेल, तर त्या दिवसापासून टोकन एक सांगतं आणि जग दुसरं, आणि असे दिवस साठत गेले की ती वही निरुपयोगी होते. तिसरी वाट मला पुष्कळ शोधूनही सापडलेली नाही. ‘तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे’ हे याचं उत्तर होत नाही. ही अडचण वयाने जाणारी नाही.

खुद्द साखळीच्या भक्तांनाही न बदलणारी नोंद सोसवली नाही, हा इतिहास आहे. जून २०१६मध्ये ‘द डाओ’ नावाच्या सामूहिक निधीच्या कोडमधली फट वापरून कोणीतरी ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) काढून नेले. कोड हाच कायदा, असं म्हणणाऱ्यांपुढे प्रश्न होता की कोडने तर परवानगी दिलीय. जुलैत बहुसंख्यांनी नव्या नियमांची वाट धरून पैसे परत फिरवले. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्याच साखळीवर राहिले, ती आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एकाच्या हातून पॅरिटी नावाच्या वॉलेटचा सामाईक कोड चुकून नष्ट झाला आणि पाच लाखांहून जास्त इथर गोठले. या वेळी काही फिरवलं गेलं नाही. एकदा फिरवलं, एकदा नाही. दोन्ही वेळा निवाडा झालाच. फक्त अपिलाची सोय असलेलं न्यायालय तिथे नव्हतं.

जमिनीच्या नोंदी साखळीवर नेण्याचे प्रयोग पाहिले तर हेच दिसतं. जॉर्जिया या देशाने २०१६ पासून आपल्या नोंदींचे डिजिटल ठसे बिटकॉइनच्या साखळीवर टाकायला सुरुवात केली, आणि त्याचं कौतुक झालं. ते जमलं कारण त्या देशाची नोंदणी यंत्रणा त्याआधीच सुधारलेली, जलद आणि भरवशाची होती. होंडुरासमध्ये २०१५ साली असाच गाजावाजा झाला आणि काम पुढे सरकलं नाही. जिथे गरज होती तिथे बसलं नाही, जिथे बसलं तिथे गरज फारशी नव्हती. लिख्टेनश्टाइनच्या टिकल्याएवढ्या राज्याने मात्र या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली गोष्ट केली. १ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या तिथल्या टोकनच्या कायद्यात ‘भौतिक पडताळक’ अशी एक भूमिकाच नेमून दिली आहे. टोकनमध्ये ज्या वस्तूवरचा हक्क सांगितलाय तो हक्क प्रत्यक्षात बजावता येईल याची जबाबदारी त्याची. म्हणजे ब्लॉकचेनसाठी खास केलेल्या कायद्यालाही गोणी उघडून बघणारा माणूस बाहेरून आणावा लागला.

कार्बन क्रेडिटचं, म्हणजे हवेतला कार्बन कमी केल्याच्या विकाऊ दाखल्याचं, प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात वस्तू तर जवळजवळ हवाच आहे. २०२१च्या अखेरीस क्रेडिटची टोकनं करण्याची लाट आली. पद्धत अशी की व्हेरा या संस्थेच्या नोंदवहीत क्रेडिट ‘निवृत्त’ करायचं आणि त्याच्या बदल्यात साखळीवर टोकन काढून खेळवायचं. पण निवृत्त याचा त्या व्यवहारातला अर्थ ‘वापरून संपलं’ असा होतो. संपलेल्या क्रेडिटची टोकनं जोरात विकली जात होती, आणि ज्यांना एरवी कोणी विचारत नव्हतं अशी जुनीपानी क्रेडिटं त्यात हौसेने ओतली गेली. मे २०२२मध्ये व्हेराने निवृत्त क्रेडिटवर टोकन काढायला मनाई केली. हवेतला कार्बन याने किती कमी झाला, हा प्रश्न त्या सगळ्या धामधुमीत बाजूलाच पडलेला होता.

मग चालतं कुठे? चालतं, आणि ते नाकारणं हेकटपणाचं होईल. मार्च २०२४मध्ये ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीने रोख आणि अमेरिकी सरकारी रोख्यांत पैसे ठेवणारा टोकनबद्ध निधी काढला, तो चांगला चालला. डॉलरशी बांधलेली स्टेबलकॉइन रोज प्रचंड प्रमाणात फिरतात, आणि देशोदेशी पैसे पाठवणाऱ्याला त्यांचा खरा उपयोग आहे. पण ही यादी नीट न्याहाळावी. सरकारी रोखा आधीपासूनच नोंद होता. बँकेतली ठेव आधीपासूनच नोंद होती. त्यांना छप्पर नाही, गोणी नाही, त्या कुजत नाहीत. देणेकरी कोण हे पक्कं ठाऊक आहे आणि त्याच्यावर दावा लावायचं न्यायालयही. शिवाय ब्लॅकरॉकचं ते टोकन आधी मंजूर केलेल्या पत्त्यांखेरीज कुणाकडे जाऊ शकत नाही. चावी कुणाच्या हातात आहे ते यात दिसतंच. एका वहीतली नोंद दुसऱ्या, जास्त चपळ वहीत गेली. काम चोख झालं, क्रांती वगैरे म्हणायची गरज नाही.

तिथेही बाहेरचं जग पाठ सोडत नाही. १० मार्च २०२३ला, शुक्रवारी, सिलिकॉन व्हॅली बँक बंद झाली. यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर तिच्यात होते. शनिवारी बँका बंद, साखळी मात्र चोवीस तास चालू. एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या खाली घसरलं. ते सावरलं ते कोडच्या जोरावर नव्हे. रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने सर्व ठेवीदारांची हमी घेतली म्हणून.

आणखी एक आश्वासन वारंवार दिलं जातं, ते तरलतेचं. तुकडे केले की बाजार तयार होतो म्हणे. तुकडे केल्याने विक्रेते वाढतात, गिऱ्हाईक वाढेलच असं नाही. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्वीटचं एनएफटी मार्च २०२१मध्ये २९ लाख डॉलरना गेलं. घेणाऱ्याने वर्षभराने ते ४.८ कोटींना विकायला काढलं, तेव्हा लिलावाच्या मुदतीत आलेली सर्वांत मोठी बोली होती सुमारे २८० डॉलर. साखळी अख्खं वर्ष एक क्षणही बंद नव्हती. बाजाराचं दुकान उघडं असणं आणि बाजार असणं यातलं अंतर यापेक्षा स्वच्छ दिसायचं नाही. कागदाचा पसारा आवरायला साखळी लागतेच असंही नाही. १९६८ साली शेअर सर्टिफिकेटांच्या ढिगाखाली न्यूयॉर्कचा शेअर बाजार इतका दबला की बुधवारी बंद ठेवावा लागायचा. १९७३मध्ये केंद्रीय डिपॉझिटरी निघाली आणि प्रश्न मिटत गेला. उलट ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली चालती यंत्रणा ब्लॉकचेनच्या धर्तीवर न्यायची ठरवली, वर्षानुवर्षं खपला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडून थांबला.

इथवर मी ‘करता येतं का’ एवढंच विचारलं. ‘करावं का’ हाही प्रश्न आहे, आणि त्याकडे अभियंत्यांपेक्षा इतरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. काही गोष्टींना मोल येतं तेच मुळी त्या विकता येत नाहीत म्हणून. पदवी, मत, साक्ष, शिफारस. इथेरियमचे जनक विटालिक बुटेरिन यांनी मे २०२२मध्ये दोन सहलेखकांबरोबर एक निबंध लिहिला आणि त्यात अशा गोष्टींसाठी धारकाला कायमचं चिकटून राहणारं, हस्तांतर न होणारं टोकन सुचवलं. विचार वाईट नव्हता. पण टोकनचा टोकनपणाच काढून घेतल्यावर जे उरतं, त्याला आपण पूर्वीपासून प्रमाणपत्र म्हणत आलो आहोत.

टोकन आणि वस्तू ही दोन नव्हेत, एकच, हा दावा शब्दशः खरा करून दाखवणारे फार थोडे. चित्रकार डेमियन हर्स्ट त्यांतले एक. हाताने केलेल्या कागदावर रंगवलेली ठिपक्यांची १०,००० चित्रं, प्रत्येकावर क्रमांक, शीर्षक आणि सही. २०२१च्या जुलैत त्यांची टोकनं प्रत्येकी २,००० डॉलरना विकली आणि घेणाऱ्यांना वर्षभराची मुदत दिली. कागद हवा की टोकन, एकच ठेवायचं. ५,१४९ चित्रांचा कागद मागितला गेला, त्यांची टोकनं नष्ट झाली. उरलेल्या ४,८५१ चित्रांचं टोकन ठेवलं गेलं. ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनच्या एका गॅलरीत हर्स्ट आणि त्यांचे मदतनीस चकाकते आगरोधक हातमोजे घालून उभे राहिले आणि चिमट्याने एकेक चित्र उचलून आगीत घालू लागले. टोकनधारकाचं चित्र खरोखर जळलं, याची खात्री साखळीला करून देता येणार नव्हती. त्यासाठी समोर बघे होते, आणि थेट प्रक्षेपण चालू होतं.